आधी साधने, मग मते : पुण्यात राहून अमेरिकेचा आरंभीचा इतिहास कसा अभ्यासावा

पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये अमेरिकन क्रांती बहुधा कारणे, घटना आणि परिणाम अशा तीन मथळ्यांखाली पाठ केली जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या इतिहास या वैकल्पिक विषयात अमेरिकन क्रांती आणि राज्यघटना हा घटक असल्यामुळे त्या पाठांतराला व्यावहारिक कारणही आहे. परंतु १६०७ मधील जेम्सटाउनच्या वसाहतीपासून, युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत असे बजावणाऱ्या १८२३ मधील मन्रो सिद्धान्तापर्यंतचा काळ ज्याला खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याला ही पद्धत फार दूर नेत नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडांनी छापली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेव्हापासून अस्सल कागद आधी आणि मत नंतर हा दंडक या शहरात रुजलेला आहे. हाच दंडक अमेरिकेच्या इतिहासाला कसा लावावा, एवढेच येथे सांगायचे आहे. अमेरिकेच्या बाबतीत हे काम पुष्कळ सोपे आहे, कारण त्या काळातील बहुतेक महत्त्वाचे कागद छापील स्वरूपात आणि संगणकावर विनामूल्य वाचायला मिळतात आणि त्यांसाठी मोडी वाचता यावी लागत नाही.

सनदेपासून आरंभ

पहिला कागद म्हणून १० एप्रिल १६०६ ची व्हर्जिनियाची सनद घ्यावी. इनामाची किंवा वतनाची सनद ज्याने एकदा तरी नीट वाचली आहे, त्याला ती कशी वाचावी हे शिकवावे लागणार नाही: देणारा कोण, घेणारा कोण, चतुःसीमा कोणत्या, हक्क कोणते आणि त्यांच्या बदल्यात काय द्यायचे, हे प्रश्न क्रमाने विचारावेत. देणारा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आहे. घेणारे लंडन व प्लिमथ येथील भागधारकांचे दोन गट आहेत. चतुःसीमा ३४ ते ४५ अंश उत्तर अक्षांशांमधील किनारपट्टीची आहे. आणि बदल्यात सापडेल त्या सोन्या-चांदीचा पाचवा हिस्सा राजाला द्यायचा आहे. यानंतर दोन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. एक अशी, की दिल्या जाणाऱ्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या लोकांचा उल्लेख सनदेत केवळ धर्मप्रसाराच्या ओघात येतो, त्यांच्या जमिनीवरील हक्काबद्दल अक्षर नाही; प्रत्यक्षात जेम्सटाउन ज्या नदीकाठी वसले तो सारा मुलूख पोहॅटन या प्रमुखाच्या आधिपत्याखाली होता. दुसरी अशी, की वसाहतीत जाणाऱ्यांना व तेथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्याप्रमाणेच सर्व हक्क राहतील असे वचन सनदेत आहे. पुढे १६० वर्षांनी कराच्या वादात वसाहतवाल्यांनी ज्या हक्कांचा धोशा लावला, त्यांचा एक धागा थेट या कलमापर्यंत येतो.

सनद वाचताना भागधारकांच्या नावांकडे दुर्लक्ष करू नये. व्हर्जिनिया कंपनीचा कारभार अनेक वर्षे पाहणारे सर टॉमस स्मिथ हे ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते. लंडनच्या त्याच व्यापारी वर्तुळातला पैसा एकाच वेळी सुरतेकडे आणि चेसापीकच्या उपसागराकडे निघालेला होता, हे लक्षात आले म्हणजे वसाहतींचा इतिहास केवळ धर्मस्वातंत्र्याच्या शोधात निघालेल्या साधुवृत्तीच्या माणसांचा राहत नाही.

सनदेनंतर लगेच तिचा प्रत्यक्ष परिणाम पाहावा. १६०९-१० च्या हिवाळ्यात जेम्सटाउनमध्ये उपासमारीने असा कहर झाला की सुमारे ५०० वसाहतवाल्यांपैकी जेमतेम ६० वाचले. सोने सापडले नाही. जॉन रॉल्फ याने लावलेल्या तंबाखूने मात्र वसाहत तगली. तंबाखूला जमीन लागते आणि मजूर लागतात, म्हणून स्वखर्चाने येणाऱ्यास किंवा दुसऱ्या कोणाचा प्रवासखर्च भरणाऱ्यास दरमाणशी ५० एकर जमीन देण्याची पद्धत १६१८ पासून सुरू झाली. १६१९ च्या जुलै अखेरीस व्हर्जिनियात निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि त्यानंतर महिनाभराच्या आतच वीसहून काही अधिक आफ्रिकी माणसे तेथे आणून धान्याच्या बदल्यात दिली गेली, ही बातमी रॉल्फच्याच पत्रात आहे. या दोन घटना टिपणवहीत एकाच पानावर लिहाव्यात. त्यांना वेगवेगळ्या प्रकरणांत टाकले की पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

उत्तरेकडील वसाहतींसाठी १६२० चा मेफ्लॉवर करार वाचावा. तो जेमतेम दोनशे शब्दांचा आहे, त्यावर ४१ पुरुषांची नावे आहेत, आणि लोकशाहीचा जन्म वगैरे गौरव त्याला पुढच्या पिढ्यांनी चिकटवला आहे. मेफ्लॉवर जहाजाने आलेल्या या मंडळींकडे असलेला परवाना व्हर्जिनियाच्या हद्दीपुरता होता, जहाज लागले त्या हद्दीबाहेर, आणि काही उतारू आता आमच्यावर कोणाचीच सत्ता नाही असे बोलू लागले, म्हणून किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी हा कागद झाला. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतवाल्यांनी याहून हुशारी केली: १६३० मध्ये, म्हणजे शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच वर्षी, जॉन विन्थ्रॉप आणि त्यांचे सोबती कंपनीची मूळ सनदच जहाजावर घालून अमेरिकेला घेऊन गेले, त्यामुळे कंपनीची सभा आणि वसाहतीचे सरकार एकच झाले. बाकीच्या वसाहतींच्या सनदा एकेक करून वाचण्याची आरंभी गरज नाही. मेरिलँड आणि पेनसिल्व्हेनिया एकेका मालकाला दिलेली होती, न्यूयॉर्क १६६४ मध्ये डचांकडून घेतले, जॉर्जियाची सनद १७३२ ची, एवढे ध्यानात ठेवून दक्षिणेतील एक आणि उत्तरेतील एक वसाहत खोलवर वाचावी हे अधिक फलदायी.

तारखा, नाणी आणि अक्षरे

शक, हिजरी, सुहूर आणि राज्याभिषेक शक यांचा मेळ घालण्यासाठी जंत्री घेऊन बसणाऱ्या पुणेकराला अमेरिकेच्या तारखांची अडचण किरकोळ वाटेल, तरी ती आहे. ब्रिटन आणि त्याच्या वसाहती सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन पद्धत पाळत होत्या आणि त्यांचे कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म तत्कालीन नोंदीनुसार ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि आजच्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ चा ठरतो. शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली तेही वर्ष १७३२. मेफ्लॉवर कराराची ११ नोव्हेंबर ही तारखही जुनी आहे, नव्या पद्धतीने ती २१ नोव्हेंबर होते. टिपण घेताना तारीख कागदावर आहे तशीच लिहावी आणि शेजारी कंसात जुनी की नवी हे नोंदवावे. जानेवारी ते मार्च या महिन्यांतील कागदांबाबत तर हे अत्यावश्यक आहे, एरवी परिणाम आधी आणि कारण नंतर असा क्रम लागतो.

नाण्यांबाबतही अशीच दक्षता हवी. प्रत्येक वसाहतीचा पौंड वेगळा होता. स्पॅनिश चांदीचा डॉलर मॅसॅच्युसेट्सच्या हिशेबात सहा शिलिंगांचा, न्यूयॉर्कच्या हिशेबात आठ शिलिंगांचा, तर लंडनच्या हिशेबात साडेचार शिलिंगांचा धरला जाई. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये आणि त्यांवरचा बट्टा हा प्रकार पेशवेकालीन हिशेब पाहिलेल्याला ठाऊक असतोच. तसाच विचार येथे करावा आणि दोन वसाहतींतील किमतींची तुलना करण्यापूर्वी तो पौंड कुठला हे पाहावे.

अठराव्या शतकातील छापील इंग्रजीत शब्दाच्या आरंभी व मध्ये येणारे 'एस' हे अक्षर 'एफ'सारखे दिसते, हे आधी सांगून ठेवलेले बरे. पहिली दोन-तीन पाने अडखळायला होते, मग डोळा बसतो.

जमीन आणि श्रम यांची वही

वेगळी वही करण्याची शिफारस मी एकाच विषयासाठी करीन, आणि तो विषय म्हणजे जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि तिच्यावर राबले कोण. या वहीत तह, खरेदीखते, करारबद्ध नोकरांचे, म्हणजे प्रवासखर्चाच्या बदल्यात ठरावीक वर्षे राबणाऱ्यांचे, करारनामे आणि गुलामगिरीचे कायदे कालक्रमाने उतरून घ्यावेत. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल असे केले. इंग्लंडच्या प्रचलित कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरे, हे आठवले म्हणजे या एका वाक्याचा अर्थ ध्यानात येतो: गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूल मालकाचीच मालमत्ता ठरले. १६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकन याच्या बंडात गोरे करारबद्ध नोकर आणि कृष्णवर्णीय माणसे एकत्र लढली, जेम्सटाउन जाळले गेले. १७०५ मध्ये व्हर्जिनियाने गुलामांविषयीचे सारे कायदे एका कडक संहितेत गोळा केले. बंड आणि संहिता यांचा संबंध किती थेट आहे याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचकाने स्वतः पाहावे.

मूळ रहिवाशांच्या बाजूने पाहायचे तर १६२१ मधील वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट आणि मेफ्लॉवरने येऊन अमेरिकेत प्लिमथ ही वसाहत केलेले लोक यांच्यातील तह आणि १६७५-७६ मधील युद्ध हे दोन टोकांचे टप्पे घ्यावेत. ते युद्ध पेटवणारा मेटाकॉम हा मॅसासॉइटचाच मुलगा. एका पिढीत काय बदलले, हा प्रश्न घेऊन मधल्या पन्नास वर्षांची जमीन-खरेदीची खते वाचली तर उत्तर बरेचसे त्यांतच सापडते.

१७७३ : लंडनचे हिशेब, बॉस्टनचे बंदर, पुण्याचे राजकारण

पुण्याच्या अभ्यासकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा असा काळ म्हणजे १७६३ ते १७८३, आणि त्यातही १७७३ हे वर्ष. त्याआधीची वाट थोडक्यात अशी. फ्रान्सविरुद्धचे युद्ध जिंकून १७६३ मध्ये ब्रिटन कर्जात बुडाले. त्याच वर्षीच्या ७ ऑक्टोबरच्या राजघोषणेने ॲपलेशियन डोंगररांगेपलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये असे ठरले, ज्याचा राग वॉशिंग्टनसारख्या जमिनीच्या व्यवहारात गुंतलेल्या माणसांनाही आला. मार्च १७६५ च्या स्टॅम्प कायद्याने वर्तमानपत्रे, न्यायालयीन कागद, एवढेच काय पत्त्यांचे जोड आणि फासे यांच्यावरही कर बसला. तो कायदा वर्षभरात रद्द झाला, पण रद्द करतानाच वसाहतींना सर्व बाबतींत बांधील करणारे कायदे करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे असे सांगणारा दुसरा कायदा झाला. पाठ्यपुस्तके पहिल्या कायद्यावर थांबतात. वाचकाने दुसरा अवश्य वाचावा, कारण भांडण पैशाचे कमी आणि अधिकाराचे जास्त होते हे त्यावरून दिसते.

आता १७७३. बंगालचा १७७० चा भीषण दुष्काळ, वाढता लष्करी खर्च आणि लंडनच्या गोदामांत न विकता पडून राहिलेला चहा यांमुळे ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली होती. तिला सावरण्यासाठी पार्लमेंटने त्या एका वर्षात तीन कायदे केले: चौदा लाख पौंडांचे कर्ज देणारा, हिंदुस्थानातील कारभाराचे नियमन करणारा रेग्युलेटिंग ॲक्ट, आणि कंपनीला आपला चहा आपल्याच आडत्यांमार्फत थेट अमेरिकेत विकू देणारा चहाचा कायदा. हे तिन्ही एका बैठकीत, एकाच पेचातून निघालेले म्हणून वाचावेत. आपल्याकडे पहिले दोन हिंदुस्थानच्या इतिहासात आणि तिसरा अमेरिकेच्या इतिहासात शिकवतात, आणि त्यामुळे कोणत्याच वर्गात पूर्ण चित्र दिसत नाही.

चहाच्या कायद्याने चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला. एक पौंड वजनाच्या चहामागे तीन पेनीचा, १७६७ च्या टाउनशेंड कायद्यातील जुना कर मात्र तसाच ठेवला गेला. स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखे होणार, आणि डचांकडून चोरटा चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचा धंदाही बसणार. तत्त्व आणि स्वार्थ या दोहोंचे संगनमत झाले आणि १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरील ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांचा आसरा घेतला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. पण रेग्युलेटिंग ॲक्टने युद्ध आणि तह यांबाबत मुंबईला कलकत्त्याच्या अंकित केले होते, म्हणून कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य करून १ मार्च १७७६ रोजी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. चार महिन्यांनी फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. १७७७ मध्ये फ्रान्सचा वकील म्हणून सां-ल्युबँ पुण्यात आला आणि नाना फडणिसांनी त्याला इंग्रजांवर दबाव म्हणून वापरले. ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी उघड दोस्ती केली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या फौजेने हार पत्करली. यॉर्कटाउनचा पाडाव १९ ऑक्टोबर १७८१ चा, सालबाईचा तह मे १७८२ चा, पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ चा.

टिपणवहीच्या एका पानाचे उभे तीन भाग करून लंडन, फिलाडेल्फिया आणि पुणे असे मथळे द्यावेत आणि या तारखा ज्या त्या रकान्यात भराव्यात. भरताना एक भान ठेवावे. नाना फडणीस आणि वॉशिंग्टन एका लढ्याचे दोन सेनानी होते असे सुचवणे म्हणजे हौशी लेखन झाले. त्यांच्यातला दुवा लंडनच्या हिशेबात आणि फ्रान्स-ब्रिटन वैरात आहे, परस्परांच्या सहानुभूतीत नाही. यॉर्कटाउनला शरण गेलेल्या सेनेचा सरदार लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या दोस्त म्हणून लढल्या, हे त्याच पानाच्या तळाशी लिहून ठेवावे म्हणजे उत्साह आवरतो. लोणावळा लोकलने वडगावला उतरून ज्याला ते ठिकाण पाहायचे असेल त्याने जरूर पाहावे, पण आधी तहाची कलमे वाचून जावे.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा उलट क्रमाने वाचावा अशी माझी शिफारस आहे. त्याचा प्रसिद्ध दुसरा परिच्छेद सर्वांच्या कानावरून गेलेला असतो. खरा युक्तिवाद राजाविरुद्धच्या सत्तावीस तक्रारींत आहे. प्रत्येक तक्रारीसमोर ती कोणत्या कायद्याला किंवा घटनेला उद्देशून आहे ते लिहीत गेल्यास १७६३ पासूनची उजळणी आपोआप होते. शेवटच्या तक्रारीत मूळ रहिवाशांना ज्या भाषेत निर्दय रानटी ठरवले आहे, ती भाषा आणि दुसऱ्या परिच्छेदातील समतेचे वाक्य एकाच मसुदाकाराच्या, टॉमस जेफरसन यांच्या, हातचे आहे. जेफरसन यांच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद होता. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो काढून टाकला. दोन्ही मसुदे उपलब्ध आहेत.

राज्यघटना वाचण्याचा क्रम

१७८७ ची राज्यघटना हाती घेण्याआधी १७८१ मध्ये अमलात आलेला संघराज्याचा करारनामा वाचावा. त्यात काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, आणि करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. आयातीवर कर बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला. युद्धाचे कर्ज फिटत नाही, सैनिकांचे पगार थकलेले, आणि १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या बंडात उभे राहून न्यायालये बंद पाडत होते. या पार्श्वभूमीवर घटनेचे पहिले प्रकरण वाचले की त्यातील करविषयक प्रत्येक कलम कुठल्या तरी अलीकडच्या अपमानाचे उत्तर आहे असे दिसते.

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी हजेरी लावून गेले आणि ३९ जणांनी सह्या केल्या. सभा बंद दाराआड झाली. जेम्स मॅडिसन यांनी रोज टिपणे घेतली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि मधल्या काळात त्यांनी स्वतः त्यांत दुरुस्त्या केल्या होत्या. म्हणजे ती अस्सल आहेत, पण निर्लेप नाहीत. ज्या कुणाला सभेचा इतिवृत्तान्त आणि वैयक्तिक रोजनिशी यांतला फरक कळतो, त्याने ती याच भानाने वापरावीत.

गुलामगिरीसाठी मूळ घटनेत तीन जागा शोधाव्यात: प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांचे तीन-पंचमांश धरणारे कलम, १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही हे कलम, आणि पळून गेलेल्यास परत करण्याचे कलम. तीन-पंचमांशाचा अर्थ अनेक जण उलटा लावतात. गुलामांना पूर्ण मोजावे असा आग्रह दक्षिणेचा होता, कारण त्यामुळे मतदान न करू शकणाऱ्या माणसांच्या जोरावर मालकांना अधिक जागा मिळणार होत्या.

न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी टोपणनावाने सुरू केलेले ८५ फेडरलिस्ट निबंध हे घटनेवरचे भाष्य म्हणून शिकवले जातात. ते मुळात वकिली लेखन आहे. त्यातील दहावा आणि एक्कावन्नावा निबंध वाचावा, आणि त्यांच्याबरोबर ब्रूटस या टोपणनावाने विरोधी बाजूने लिहिलेला पहिला निबंध वाचावाच. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात प्रजासत्ताक टिकेल का, ही शंका त्यात चांगली मांडली आहे. विरोधकांच्या रेट्यामुळेच हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी घटनेत आल्या.

यानंतरची तीसेक वर्षे प्रथम वाचनात एकेका अध्यक्षाच्या कारकिर्दीनुसार भराभर पार करता येतात. वॉशिंग्टन यांच्या कारकिर्दीसाठी हॅमिल्टन यांचा सार्वजनिक कर्जावरील १७९० चा अहवाल आणि १७९४ चे व्हिस्कीवरील कराविरुद्धचे बंड, ॲडम्स यांच्यासाठी १७९८ चा राजद्रोहाचा कायदा, जेफरसन यांच्यासाठी १८०० ची अटीतटीची निवडणूक आणि १८०३ ची दीड कोटी डॉलरची लुइझियाना खरेदी, मॅडिसन यांच्यासाठी १८१२ चे युद्ध, मन्रो यांच्यासाठी गुलामगिरीच्या विस्ताराबाबतची १८२० ची मिसुरी तडजोड. यातल्या कशावर रेंगाळायचे असेल तर १८०३ वर रेंगाळावे: त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मार्बरी खटल्यात कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला, आणि घटनेचा शब्दशः अर्थ लावण्याचा आग्रह धरणाऱ्या जेफरसन यांनी घटनेत स्पष्ट आधार नसताना देशाचा विस्तार जवळपास दुप्पट केला.

बखर आणि अस्सल कागद

अमेरिकेच्या इतिहासातही बखरी आहेत. पोहॅटनची मुलगी पोकाहॉन्टस हिने जेम्सटाउनच्या जॉन स्मिथचा जीव वाचवल्याची हकिगत त्याच्या १६०८ च्या वृत्तान्तात नाही, ती १६२४ च्या ग्रंथात विस्ताराने येते. बाल वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडल्याची गोष्ट मेसन वीम्स या चरित्रकाराने, वॉशिंग्टन वारल्यानंतर, १८०६ च्या आवृत्तीत घातली. मॅनहॅटन बेट मण्यांच्या बदल्यात घेतल्याचे सर्रास सांगतात. उपलब्ध पुरावा म्हणजे १६२६ चे एक डच पत्र, आणि त्यात साठ गिल्डर एवढेच आहे, मणी नाहीत आणि खरेदीखतही नाही. अशा गोष्टी टाकून देऊ नयेत. त्या केव्हा, कोणी आणि कशासाठी सांगितल्या हे लिहून ठेवावे, कारण त्या घटनेचा नसला तरी सांगणाऱ्या काळाचा पुरावा असतात.

याहून कठीण प्रश्न ज्यांचे दप्तरच नाही त्यांचा. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकसंख्या आणि तीत जवळजवळ सात लाख गुलाम नोंदले आहेत. पण नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे, बाकीचे सारे आकडे. अशा वेळी न्यायालयीन कागद, अर्ज आणि खासगी पत्रे उपयोगी पडतात. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे स्वतंत्र व समान जन्मतात असे म्हटले असल्याचा आधार घेऊन एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने १७८१ मध्ये दावा लावला आणि ती सुटली. बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय गणितज्ञाने १७९१ मध्ये जेफरसन यांना लिहिलेले पत्र आणि ॲबिगेल ॲडम्स यांनी ३१ मार्च १७७६ रोजी नव्या कायद्यांत स्त्रियांचा विसर पडू देऊ नका असे नवऱ्याला लिहिलेले पत्र, दोन्ही मुळातून वाचण्याजोगी आहेत. जॉन ॲडम्स यांनी त्या पत्राची थट्टा केली. तेही उत्तर वाचावे.

येथे पुण्याचा एक वाचक आठवल्यावाचून राहत नाही. जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले, आणि १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करण्याच्या कामाबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ज्या प्रजासत्ताकाने १७७६ मध्ये समतेचे वाक्य लिहिले त्याला गुलामगिरी कायद्याने संपवायला १८६५ उजाडले, हे ध्यानात ठेवून ती अर्पणपत्रिका वाचली तर आरंभीच्या काळातील कोणते कागद पुन्हा उघडायला हवेत हे कळते.

पुण्यातील सोय आणि वाचनाचा नेम

संगणकावर दोन ठिकाणे पुरेशी आहेत. येल विधी महाविद्यालयाच्या ॲव्हलॉन प्रकल्पात सनदा, तह, कायदे आणि जाहीरनामे कालक्रमाने मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन आणि मॅडिसन यांची पत्रे टिपांसह वाचता येतात. इतिहासकारांचे ग्रंथ पाहायचे तर गणेशखिंडीतील विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आणि अर्थकारणाच्या अंगाने गोखले संस्थेचे ग्रंथालय येथे चौकशी करावी. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आधी विचारून घ्यावेत म्हणजे हेलपाटा पडत नाही. अप्पा बळवंत चौकात परीक्षेची पुस्तके ढिगाने मिळतात, त्यांतले एखादे केवळ घटनाक्रमासाठी जवळ ठेवायला हरकत नाही.

एकट्याने वाचण्यापेक्षा तीन-चार जणांनी मिळून वाचणे चांगले. आठवड्याला एकच कागद घ्यावा आणि प्रत्येकाने तो घरी वाचून त्याचा एक पानी मराठी गोषवारा लिहून आणावा, ज्यात कागद कोणी, कोणाला, कधी आणि कोणत्या अडचणीतून लिहिला हे आलेच पाहिजे. बैठकीत आधी गोषवारे ताडून पाहावेत. दोघांनी एकाच कलमाचा वेगळा अर्थ लावला असेल तर मूळ वाक्य मोठ्याने वाचून वाद तिथेच मिटवावा, आणि मिटला नाही तर तो मुद्दा वहीत तारखेसह उघडा ठेवावा. इतिहासकाराचे मत त्यानंतर वाचावे. पहिल्या बैठकीसाठी व्हर्जिनियाची सनद, दुसरीसाठी मेफ्लॉवर करार आणि १६६२ चा कायदा, आणि तिसऱ्या बैठकीपासून एखाद्याने नेहमी मूळ रहिवाशांच्या किंवा गुलामांच्या बाजूने प्रश्न विचारण्याचे काम पाळीपाळीने अंगावर घ्यावे.